वाचक विचारतात: जेकबाबादचा जेकब आपल्या बॉम्बे आर्मीतला होता का?

गेल्या अंकात एका शाळकरी मुलाने विचारलं होतं की सगळ्यात जास्त तापणारी गावं कुठली. मी उत्तरात सिंधमधलं जेकबाबाद सांगितलं, उन्हाळ्यात पारा ५०च्या वर जातो वगैरे, आणि जाता जाता एक ओळ टाकली की गावाचं हे नाव बॉम्बे आर्मीच्या जनरल जॉन जेकबवरून पडलंय. झालं! ऊन राहिलं बाजूला आणि महिनाभर सगळ्यांनी जेकबच विचारला. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, एका काकांनी तर फोन करून पाऊण तास घेतला. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न (केस गळणं, सोसायटीचं पार्किंग, मोदकाची पारी फाटणं) पुढच्या अंकात, आज फक्त हा एकच माणूस. सात रस्त्याच्या जेकब सर्कलचंही तिघांनी विचारलंय, ते नंतर कधीतरी वेगळं घेऊ, आज जागा नाही.

ताई, आमच्या चेंबूर कॅम्पातल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक सिंधी आजी आहेत, नव्वदीच्या. त्यांचं माहेर जेकबाबादचं. फाळणीत कराचीहून बोटीने मुंबईला आल्या. तुमचा अंक वाचून दाखवला तर म्हणाल्या, अरे जेकब साहेबाच्या कबरीवर तर आमच्याकडे दिवे लावायचे, नवस बोलायचे. मग हा पीर होता की साहेब? — एक वाचक, चेंबूर

आधी साहेब, मेल्यावर पीर. आजींचं बरोबर आहे, त्याची कबर जेकबाबादलाच आहे आणि तिथले लोक तिला मानतात, दिवाबत्ती करतात.

जॉन जेकब जन्मला १८१२ साली इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये, बाप पाद्री. ईस्ट इंडिया कंपनीची अ‍ॅडिस्कोंब नावाची मिलिटरी शाळा होती, तिथे शिकला आणि सोळाव्या वर्षी बॉम्बे आर्टिलरीत म्हणजे मुंबई इलाख्याच्या तोफखान्यात लागला. साल १८२८. आपल्याकडे पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षं झालेली. बोटीत बसला तो बसलाच, पुढच्या तीस वर्षांत इंग्लंडला एकदाही परत गेला नाही. त्या काळी ऑफिसर लोक आजारपणाच्या नावाखाली रजा काढून घरी जाऊन यायचे, लग्न करून बायको घेऊन यायचे, याने त्यातलं काहीच केलं नाही. लग्नही नाही.

पहिली दहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत, तोफखान्यातली ड्यूटी आणि गुजरातेत थोडंफार मुलकी काम, कुठल्याही ज्युनिअरचं जातं तसं गेलं. खरी धावपळ १८३८ला सुरू झाली, अफगाणिस्तानवर स्वारी निघाली तेव्हा मुंबईची फौज सिंधमार्गे पाठवली त्यात हा होता. या स्वारीतली एक गोष्ट मुंबईकरांना सांगितलीच पाहिजे. १८३९च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी कराची घेतली ती ज्या जहाजाच्या तोफांनी घेतली ते ‘वेलस्ली’ आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं, सागवानी, वाडिया मंडळींच्या हातचं, १८१५ साली पाण्यात उतरवलेलं. म्हणजे कराचीवर पहिला गोळा पडला तो मुंबईच्या लाकडावरून. ते जहाज इतकं टिकलं की शेवटी १९४०ला जर्मन विमानांनी टेम्स नदीत बुडवलं तेव्हाच संपलं.

असो, भरकटले. जेकब १८३९ ते ४० मध्ये मेजर बिलामोरच्या हाताखाली तोफा घेऊन कच्छीच्या वरच्या डोंगरात गेला. (हे कच्छी म्हणजे आपलं भूजवालं कच्छ नव्हे, सिंधच्या वर बलुचिस्तानच्या पायथ्याला जे सपाट रण आहे ते.) तिथल्या बलुच टोळ्यांशी त्याची पहिली गाठ तेव्हाच पडली. मग १८४२ला सिंध इर्रेग्युलर हॉर्स या घोडदळाची कमांड त्याला मिळाली, वय तीस. ती दिली जेम्स औट्रमने. हा औट्रम खानदेशवाल्यांना माहीत असेल, धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली १८२५ला तोच. पुढच्या वर्षी सिंधच्या मीरांशी (तिथल्या राज्यकर्त्यांशी) लढाया झाल्या, १७ फेब्रुवारी १८४३ला मियाणी, २४ मार्चला डब्बा, दोन्हीकडे जेकबचे स्वार होते, आपलं पूना हॉर्सही होतं. जूनमध्ये मीरपूरच्या शेर मुहम्मदाशी शेवटची झटापट झाली ती तर जेकबने एकट्याने निभावली, आणि सिंध खालसा.

१८४७च्या सुरुवातीला त्याला वरच्या सिंधच्या सरहद्दीवर पाठवलं, खानगढ नावाची एक पडकी गढी आणि भोवती काही नाही. झाड नाही, पाण्याची बोंब, माणसं गाव सोडून पळालेली. इतर कुणी असता तर बदलीसाठी अर्जावर अर्ज केले असते. हा तिथेच बसला. झाडं लावली, रस्ते आखले, बेगारी नावाचा कालवा रुंद करून घेतला, बाजार वसवला, आणि १८५१ला लॉर्ड डलहौसीच्या हुकमाने त्या खानगढचं जेकबाबाद झालं. माणूस जिवंत असताना, तिथेच ऑफिसात बसलेला असताना त्याच्या नावाचं गाव, हे तेव्हाही रोजचं नव्हतं. १८५८च्या डिसेंबरात तिथेच वारला, ४६ वर्षांचा होता, अति काम आणि ताप. पुरला पण तिथेच.

आजींना माझा नमस्कार सांगा आणि जमलं तर त्यांचं सगळं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. नंतर हळहळतात सगळे.

तुम्ही इर्रेग्युलर हॉर्स म्हणता. मी एका ठिकाणी वाचलं की ते ‘सिलादार’ घोडदळ होतं. हा आपला शिलेदारच ना? मग इंग्रजांनी आपल्याकडून चोरलं म्हणायचं का? — निवृत्त एसटी कर्मचारी, दादर

काका, शब्द तोच. पण चोरलं म्हणू नका, कारण आपणही तो फारसीतूनच घेतलाय, सिलाह म्हणजे हत्यार, सिलाहदार म्हणजे हत्यार बाळगणारा, त्याचा आपल्या जिभेवर शिलेदार झाला.

आता पद्धत काय ते सांगते, आणि त्यासाठी कुठल्या किल्ल्यावर जायची गरज नाही, स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर चला. एकाची स्वतःची रिक्षा असते, परमिट त्याच्या नावावर, गॅस त्याचा, मेंटेनन्स त्याचा. दुसरा मालकाची रिक्षा शिफ्टवर चालवतो. पहिला शिलेदार, दुसरा बारगीर. शिवाजी महाराजांच्या फौजेत नेमकं हेच होतं, बारगिराला घोडा सरकारी पागेतला, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि शिलेदार स्वतःचा घोडा स्वतःचं हत्यार घेऊन यायचा. महाराजांचा कल बारगिरांकडे होता कारण पागेचा माणूस सरकारच्या मुठीत राहतो, शिलेदाराचं काय, बिनसलं तर घोडा घेऊन चालता होईल.

कंपनीने इर्रेग्युलर घोडदळात उलटं केलं, शिलेदारी उचलली, कारण स्वस्त पडते. स्वाराला महिन्याचा ठोक पगार, त्यातून घोडा, दाणा, खोगीर, कपडे, तंबू सगळं त्याने बघायचं, सरकार देणार बंदूक आणि दारूगोळा. घोडा मेला तर? म्हणून सगळ्यांकडून दरमहा चंदा काढायचा, चंदाच म्हणायचे, त्या फंडातून नवा घोडा. आणि रेजिमेंटमधल्या जागेला शब्द होता असामी. ही असामी म्हणजे आपलं परमिट! तिला किंमत होती, विकता यायची, एकेकाच्या चार चार असाम्या असायच्या आणि त्यावर तो बारगीर बसवायचा. परमिटवाल्या मालकाच्या चार रिक्षा असतात तसंच, काही फरक नाही.

यात गोची व्हायची ती कर्जाची. घोडा महाग, पगार तेवढाच, मग सावकार. बंगालकडच्या रिसाल्यांत स्वार कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले असायचे, आणि गळ्यापर्यंत बुडालेला माणूस कुणाचं ऐकतो? जेकबने आपल्याकडे कर्जाला सक्त बंदी घातली. घोडा बघायचा तोही कडक, खराब घोडा दिसला की गेला. त्याचं म्हणणं असं की स्वाराची स्वतःची इस्टेट रेजिमेंटमध्ये अडकलेली असेल तर तो नीट वागणारच, नोकरी गेली तर नुसता पगार जात नाही, पुंजी जाते. त्याच्या घोडदळाच्या दोन रेजिमेंट होत्या, दोन्ही मिळून १,६०० च्या आसपास स्वार आणि गोरे ऑफिसर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, बाकी सगळा कारभार रिसालदार, नायब रिसालदार, जमादार या देशी लोकांच्या हातात. हे तेव्हाच्या इतर साहेबांना अजिबात पटायचं नाही.

मी यूपीएससी करतेय. जेकबच्या सरहद्द धोरणाचे मुद्दे द्या ना, पाच-सहा पॉइंट्समध्ये. — विद्यार्थिनी, कुर्ला

पॉइंट्स तुझे तू काढ गं, मी गोष्ट सांगते, गोष्ट लक्षात राहते.

जेकब जानेवारी १८४७ला खानगढला पोहोचला तेव्हा बंदोबस्त म्हणजे काय चाललं होतं, तर ठिकठिकाणी गढ्या, गढीत शिपाई, रात्री दरवाजा बंद. बाहेर बुगटी नाहीतर मरी टोळीवाले बलुच डोंगरातून यायचे, गुरं हाकलून न्यायचे, गाव जाळायचे, सकाळी दरवाजा उघडून शिपाई बाहेर येऊन बघणार काय काय गेलं. आपल्याकडे घरफोडी झाल्यावर पंचनाम्याला येतात ना, तसं. जेकबने पहिल्याच फटक्यात काय केलं, गढ्या बंद. भिंतीआड कुणी बसायचं नाही, ठाणी उघड्या मैदानात, स्वार दिवसरात्र गस्तीवर, आणि कुणी दिसलं की बचाव नाही, सरळ चालून जायचं, ते किती आहेत मोजत बसायचं नाही.

पण मला त्याची हुशारी यात नाही वाटत, ती पुढे आहे. त्याच्या लक्षात आलं की लुटारू फक्त पलीकडचे नाहीत. इंग्रजांच्या बाजूला वसवलेले जे डोंबकी आणि जखराणी बलुच होते, सरकारी रयत म्हणून जमिनी मिळालेले, तेही गुपचूप पलीकडे जाऊन लूट करत होते आणि नाव बुगट्यांचं! चोराच्या उलट्या बोंबा. त्याने आधी आपल्याच बाजूच्या लोकांची हत्यारं काढून घेतली. साहजिकच ओरड झाली, की साहेब आमच्यावर हल्ले होतायत आणि तुम्ही आमच्याच तलवारी घेता? तो म्हणे राखण करायला मी आहे, आणि राखण जमली नाही तर माझी चूक. बदला घ्यायची सवलत बंद. त्यांच्याकडे ‘माझ्या चुलत्याला मारलं म्हणून मी त्याच्या चुलत्याला मारलं’ हे कोर्टात सांगण्यासारखं कारण होतं, जेकबने सांगून टाकलं की खून तो खून, आधीचं वैर असेल तर उलट जास्त वाईट, कारण ठरवून केलेला. शिपायांनाही तेच, लुटारूंच्या मागे गेलात तरी त्यांची गुरं बायकापोरं यांना हात लावायचा नाही. आणि हत्यारं काढून घेतलेल्या जखराण्यांना कुदळी देऊन कालवा खणायला लावलं! थोड्याच वर्षांत ते चांगले शेतकरी झाले.

हे सगळं गोड गोड वाचून पेपरात लिहू नकोस मात्र. १ ऑक्टोबर १८४७ला त्याचा हाताखालचा लेफ्टनंट मेरवेदर १३३ स्वार घेऊन बुगट्यांच्या सातशेच्या आसपास लोकांवर गेला आणि त्यातले पाचशेच्या वर मारले गेले. बहुतेक पायदळ होते ते, मैदानात सापडलेले. शांतता झाली खरी, पण आधी हे झालं. पुढे १८५४ला बलुचिस्तानातल्या कलातच्या खानाशी तह केला त्यात वर्षाला ५०,००० रुपये द्यायचं ठरलं, बदल्यात खानाने आपल्या टोळ्या आवरायच्या आणि व्यापारी मार्ग सुरक्षित ठेवायचा. १८५६ला त्याने कलकत्त्याला लिहून कळवलं की क्वेट्टाला फौज ठेवा, बोलन खिंडीच्या वरच्या तोंडाला बसा. गव्हर्नर जनरल कॅनिंगने नाही म्हटलं. वीस वर्षांनी, १८७६-७७ला, इंग्रज क्वेट्टाला जाऊन बसलेच, पण तोवर जेकब जाऊन अठरा वर्षं झाली होती.

पंजाबच्या सरहद्दीवर याच्या अगदी उलट पद्धत होती, किल्ले, टोळीवार दंड, अधूनमधून डोंगरात स्वारी आणि गावं जाळून परत. दोन्हीची तुलना परीक्षेत येऊ शकते, तेवढी बघून ठेव.

असल्या कंपनीच्या नोकराचं कौतुक आपल्या मासिकात कशाला? सिंध तर सरळ सरळ लुबाडलंच होतं ना? — गिरगाव

लुबाडलंच. आणि हे मी नाही, ज्याने लुबाडलं तोच म्हणतो. चार्ल्स नेपियरने आपल्या डायरीत लिहून ठेवलंय की सिंध घ्यायचा आपल्याला हक्क नाही, तरी आपण घेणार, आणि ही फार फायद्याची लबाडी होईल. शाळेत ऐकलेला तो ‘पेक्कावी’चा किस्सा, म्हणजे नेपियरने लॅटिनमध्ये ‘मी पाप केलं’ अशी एका शब्दाची तार केली, इंग्रजीत ते ‘आय हॅव सिन्ड’, आणि ऐकायला ‘आय हॅव सिंध’ म्हणजे ‘सिंध माझ्याकडे आहे’ असं लागतं, तो मात्र खोटा. नेपियरने असलं काही पाठवलं नव्हतं, कॅथरीन विंकवर्थ नावाच्या एका तरुण मुलीने केलेला तो विनोद १८४४ला पंच मासिकात छापून आला.

मीरांना कैद करून बोटीने मुंबईलाच आणलं होतं. आणि सिंध काही वर्षांत, १८४७ला, मुंबई इलाख्याला जोडलं ते थेट १९३६पर्यंत. म्हणजे जेकबाबादच्या कलेक्टरची फाईल शेवटी मुंबईच्या सेक्रेटरिएटमध्ये यायची, तेव्हा आपला संबंध नाही असं म्हणता येत नाही.

आता जेकबचं. औट्रमला सिंध घेणं पटलं नव्हतं, लुटीतला त्याच्या वाट्याचा पैसा, तीनेक हजार पौंड, त्याने धर्मादाय वाटून टाकला. त्यावरून नेपियर आणि औट्रम यांची जन्माची जुंपली, पुस्तकं पत्रकं सगळं, आणि नेपियरने आधी जेकबची तोंडभर स्तुती केलेली असताना जेकब औट्रमच्या बाजूने उभा राहिला. यात त्याचं नुकसान झालं. पण खरं सांगू, सिंध घेणं चूक म्हणणारा हा माणूस मियाणीला घोड्यावर होताच, आणि घेतलेलं सिंध राखायला आयुष्य घातलं तेही त्यानेच. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तो आला नव्हता, पगारी नोकर होता कंपनीचा. मला तो आवडतो की नाही विचाराल तर काम आवडतं, मालक आवडत नाही. एवढं दोन्ही एकदम डोक्यात ठेवता येतं, काही बिघडत नाही.

त्याला वरून सांभाळणारा एक साहेब मात्र चांगला मिळाला, बार्टल फ्रिअर, १८५०पासून सिंधचा कमिशनर. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, फोर्टची तटबंदी पाडली ती त्याच्या काळात. आताचा पी. डिमेलो रोड म्हणजे जुना फ्रिअर रोड, आणि फ्लोरा फाउंटनचं आधीचं नाव फ्रिअर फाउंटन. आपण रोज त्याच्यावरून बस पकडतो.

आमच्या कोल्हापुरात १८५७च्या बंडात जेकब नावाचा इंग्रज आला होता, तोफेच्या तोंडी लोक दिले. तोच का हा? — मूळ कोल्हापूर, सध्या लालबाग

नाही, तो वेगळा. जॉर्ज ले ग्रँड जेकब. आर्मी तीच, बॉम्बेची, म्हणून घोळ होतो. कोल्हापूरची २७वी पलटण ३१ जुलै १८५७च्या रात्री उठली, तेव्हा मुंबईहून याला पाठवलं. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय धरून त्यांना पकडून नेलं ते कुठे, कराचीला! तिथेच १८६९ला गेले. तुमचा जेकब वेगळा असला तरी सिंध काही सुटत नाही बघा.

आपला जॉन जेकब त्या वेळी कोल्हापुरातही नव्हता आणि सिंधमध्येही नव्हता.

मग ५७मध्ये हा होता कुठे? आणि त्याचे स्वार हिंदुस्थानी मुसलमान, दिल्लीकडचे, ते कसे नाही उठले? — मुलुंड

होता इराणात. १८५६-५७ला इंग्रज आणि इराण यांचं अफगाणिस्तानातल्या हेरात शहरावरून भांडण लागलं, मुंबईहून फौज गेली, सेनापती औट्रम, आणि त्याने घोडदळासाठी हट्टाने जेकबला मागून घेतलं. बुशहर बंदरात ही छावणी होती. तह झाला मार्च १८५७ला, पण फौज लगेच निघाली नाही, औट्रम पुढे गेला आणि बुशहरची जबाबदारी जेकबच्या गळ्यात पडली. इकडे मे महिन्यात मेरठ पेटलं. जेकब तिथून सुटून परत येईपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

आणि इथे एक गोष्ट मला रात्री झोप लागत नाही तेव्हा आठवते. मध्य हिंदुस्थानात जी फौज पाठवायची होती तिची कमांड आधी जेकबला द्यायचं चाललं होतं. तो आला नाही वेळेत, म्हणून ती दुसऱ्याला दिली. दुसरा म्हणजे सर ह्यू रोज. झाशीला वेढा घातला तो. शाळेच्या पुस्तकात राणीसमोर आपण ज्याचं नाव पाठ केलं त्या जागी जॉन जेकब असायचा, बुशहरहून बोट थोडी आधी सुटली असती तर.

त्याच्या स्वारांचं म्हणाल तर तो तिथे नसतानाही दोन्ही रेजिमेंट जागच्या हलल्या नाहीत, मेरवेदर सांभाळून होता. ज्यांच्या घरचे भाऊबंद दिल्लीकडे उठले होते तेही. कारणं वर दादरच्या काकांना सांगितली त्यातच बरीचशी आली, पुंजी अडकलेली, कर्ज नाही, देशी ऑफिसरला मान आणि ताकद. आणखी एक म्हणजे जेकब जातीवर भरती आणि जातीवर सवलती याच्या पूर्ण विरोधात. बंगाल आर्मीत उच्चवर्णीय शिपायांच्या जातीचे लाड चालतात, सगळा अधिकार कलकत्त्यात गोळा केलाय, पलटणीवरच्या साहेबाला शिपायाला बढती द्यायचाही अधिकार उरला नाही, हे सैन्य आतून पोकळ झालंय, असं तो बंडाच्या कितीतरी वर्षं आधीपासून लिहीत होता, छापत होता. बक्षीस काय मिळालं, सरकारची कानउघाडणी. नोकरीत असताना असं जाहीर लिहायचं नसतं म्हणून. ऑफिसात ज्याने आधी सांगितलेलं असतं त्याच्यावरच नंतर सगळे जास्त चिडतात, हा अनुभव मुलुंडकरांनाही असेल.

तो म्हणे घड्याळं बनवायचा? आणि स्फोट होणाऱ्या गोळ्या? माझ्या मुलाला (वय ११) पाहिजे. — भांडुपहून एक आई

हो, दोन्ही. खानगढच्या त्या रणात संध्याकाळी करणार काय माणूस, क्लब नाही पार्टी नाही, याने घरालाच मोठं वर्कशॉप आणि लायब्ररी जोडून घेतली. स्वतःच्या हाताने एक मोठं घड्याळ बनवलं, त्याच्या बंगल्यातलं ते घड्याळ जेकबाबादला दाखवायची वस्तू होऊन बसलं. कबुतरांसाठी मोठं खुराड्याचं बांधकाम केलं तेही.

बंदुकीचं असं. त्याने दुनळी रायफल काढली, प्रत्येक नळीत चार खाचा, आणि गोळीला त्या खाचांत बसणारे चार कंगोरे. टोकात स्फोटक भरलेल्या गोळ्या. निशाणाची पट्टी २,००० यार्डांपर्यंत, म्हणजे १.८ किलोमीटर. मुलाला सांगा की चर्चगेट स्टेशनात उभं राहून मरीन लाईन्सच्याही पुढचं काहीतरी टिपायचं. विचार हा की शत्रूच्या तोफेजवळ दारूची पेटी असते, तिच्यावर लांबूनच अशी गोळी मारली की तोफखानाच उडाला. स्वतः तोफखान्यातून आलेला माणूस, तोफखान्याचं दुखणं कुठे असतं ते त्याला बरोबर ठाऊक. प्रयोगांवर पैसा स्वतःचा घातला, पटापट नवीन भिंती बांधायच्या आणि त्यांच्यावर मारत बसायचं. विलायतेतल्या सैन्याने ती रायफल घेतली नाही, शिकारीवाल्यांनी घेतली. पण १८५८ला त्याला या रायफलींवर एक पायदळ पलटण उभी करायची परवानगी मिळाली, जेकब्ज रायफल्स. त्याच वर्षी तो गेला.

मुलाला हेही सांगा की घरात प्रयोग करायचा नाही. घड्याळ उघडायला हरकत नाही.

त्याच्या रेजिमेंटचं पुढे काय झालं? आहे का अजून? — माजी सैनिक, कांदिवली

साहेब, तुम्हाला माहीत असणार, तरी विचारलंत म्हणून. घोडदळाच्या दोन रेजिमेंट पुढे ३५वी सिंध हॉर्स आणि ३६वी जेकब्ज हॉर्स झाल्या, १९२१ला दोन्ही एकत्र केल्या, आणि १९४७च्या वाटणीत ती रेजिमेंट भारताकडे आली. सिंध हॉर्स आजही आपल्या सैन्यात आहे, घोड्यांऐवजी रणगाडे. जेकब्ज रायफल्स मैवंदच्या लढाईत, २७ जुलै १८८०ला, खूप माणसं गमावून बसल्या, पुढे त्या बलुच रेजिमेंटमध्ये गेल्या आणि फाळणीत पाकिस्तानकडे. म्हणजे सिंध तिकडे गेलं आणि सिंध हॉर्स इकडे राहिली. चेंबूरच्या आजींना हे सांगितलं पाहिजे, त्यांच्या वाचक शेजाऱ्यांनी कृपया अंक परत एकदा वाचून दाखवावा.